सांगलीत प्रबंध बांधून घ्यायचाय? विश्रामबागेतलं हे दुकान बघा

हळदीच्या जमिनींवरचा माझा पीएचडीचा प्रबंध इथेच बांधला. रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं, शिवण इतकी पक्की की प्रत सपाट उघडली तरी पान सुटत नाही. रंगीत प्रिंट महाग आहे, आलेखांतला पिवळा फिका येतो.

शिफारस करतेय ती मात्र दुकानदार काकांसाठी. माझ्यासमोर एकजण म्हणाला, "सॉफ्टवेअर माझ्या प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य ३५ टक्के दाखवतंय. शब्द फिरवून दहाच्या आत आणा, पैसे सांगाल ते." काकांनी सरळ नाही म्हटलं. "यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमात साम्य ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून द्यायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. तुमचं तुम्ही लिहा, टाइप मी करून देतो." मला फार बरं वाटलं.

आणि साम्याचा टक्का कमी म्हणजे काम सचोटीचं, असंही नाही. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकन या भौतिकशास्त्रज्ञानं १९१३ च्या निबंधात प्रयोगातले सगळे थेंब दिलेत असं लिहिलं. त्याच्या वहीत त्याहून जास्त सापडले. गाळलेला आकडा कुठलं सॉफ्टवेअर पकडणार? म्हणून माझ्या निष्कर्षात न बसलेल्या नमुन्यांचा तक्ता मी परिशिष्टात ठेवलाय. पान लांब होतं. काकांनी ते घडी घालून नीट बसवलं, जादा पैसे न घेता.