दोन डबे, एक पिंप आणि आईची गोधडी: घरच्या बिअरचे आठ महिने

गेल्या एप्रिलमध्ये ऑफिसमधला एकजण मेलबर्न सोडून पर्थला निघाला आणि जाताना त्याचं बिअरचं सगळं सामान माझ्या डिकीत टाकून गेला. तोटी असलेलं तीस लिटरचं पिंप, द्रवाची घनता मोजायचं हायड्रोमीटर, हातभर लांब चमचा, प्लॅस्टिकच्या तीसेक बाटल्या आणि बिअर करायच्या अर्काचे कूपर्स कंपनीचे दोन डबे. एक लागर (फिकी, हलकी बिअर), एक डार्क एल (काळसर बिअर). "दोन्ही एकाच पिंपात ओत, भारी होते," एवढंच काय ते मार्गदर्शन. नवरा म्हणाला, "पहिलीच वेळ आहे, एकेक कर." तेव्हापासून चार घाणे काढलेत. (भजीचा घाणा असतो, तसा आमच्याकडे आता बिअरचाही असतो.) वेगवेगळं करून पाहिलं, एकत्र करूनही पाहिलं.

आधी एक खुलासा, कारण कोल्हापूरच्या मैत्रिणींचे मेसेज येणारच आहेत. ऑस्ट्रेलियात घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही, आणि भट्टी लावून दारू गाळायची तर अजिबात नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, विनापरवाना बिअर करणंही गुन्हा. तेव्हा हे वाचून घरी पिंप आणू नका.

आता डब्याबद्दल. १.७ किलोच्या त्या डब्यात जवाच्या माल्टचा आटवलेला अर्क असतो. जव मोड आणून वाळवणं, भरडणं, गरम पाण्यात मुरवणं, हॉप्स (एका वेलीची कडू फुलं) घालून कडूपणा आणणं ही सगळी मेहनत कंपनीने करून ठेवलेली असते. कूपर्स ही ॲडलेडची, १८६२ पासूनची ब्रुअरी आहे, आणि हे डबे इथे सुपरमार्केटमध्येसुद्धा मिळतात. डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी गप्पच झाले. रंग, दाटपणा, चमच्यावरून पडणारी ती आळशी धार, सगळी हुबेहूब काकवी. वासही गुऱ्हाळावरचा, फक्त मागून काहीतरी गवताळ, कडवट. बोटाने चाटून पाहिलं आणि लगेच कळलं की काकवी नव्हे. तो कडूपणा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घात केला.

कृती विरजण लावण्याइतकीच. डबा गरम पाण्यात ठेवून सैल करायचा, पिंपात दोन लिटर गरम पाण्यात अर्क आणि साखर विरघळवायची, गार पाणी घालून तेवीस लिटर करायचं, वरून यीस्टची सात ग्रॅमची पुडी भुरभुरायची आणि झाकण लावायचं. विरजणाला भांडं नुसतं धुतलेलं चालतं. इथे पिंप, तोटी, चमचा, सगळं आधी घासून मग निर्जंतुक करावं लागतं. एकूण वेळातला निम्मा वेळ भांडी घासण्यात जातो. हे तो पर्थवाला बोलला नव्हता.

पहिला घाणा मे महिन्यात, फक्त लागरचा डबा आणि एक किलो डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची साखर). साधी साखर चालते, पण डेक्स्ट्रोजने चव स्वच्छ राहते असं दुकानदार म्हणाला, म्हणून तीच घेतली. सुरुवातीचं गुरुत्व (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा; यीस्ट साखर खातं तसा तो उतरतो) १.०३८, दहा दिवसांनी १.००८. दोन दिवस लागोपाठ तोच आकडा आला तेव्हा बाटल्या भरल्या. गुरुत्व एवढं उतरलं म्हणजे साधारण चार टक्के अल्कोहोल, बाटलीत घातलेल्या साखरेने आणखी किंचित. तीन आठवड्यांनी उघडली. पिण्यासारखी होती, पण पातळ. तोंडात थांबतच नव्हती. नवऱ्याने शोधून शब्द काढला, "पाहुण्यांच्या घरचं वरण."

दुसरा घाणा जूनमध्ये, डार्क एलचा, बाकी सगळं तसंच. हा मात्र इथल्या जूनच्या थंडीत एकदम जमला. भाजलेल्या धान्याचा वास, चहाच्या कोऱ्या अर्काचा रंग. कडूपणा मला थोडा जास्त वाटला, पण चव होती.

आणि मग जुलैमधल्या एका शनिवारी लागरची अर्धी बाटली उरली होती, तिच्यात डार्क एल ओतली. निम्मी-निम्मी. ती अप्रतिम लागली. लागरला अंग आलं, डार्क एलचा कडूपणा खाली बसला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पर्थवाला बरोबर होता! पुढच्याच आठवड्यात दोन नवे डबे आणले, तेच, एक लागर आणि एक डार्क एल, आणि दोन्ही एकाच पिंपात ओतले. साखर शून्य, दोन्ही पुड्या यीस्ट, पाणी तेच तेवीस लिटर.

बिअर कडूजहर झाली. चूक लिहून दाखवल्यावर आता पोरालाही कळेल. ग्लासात मी दोन तयार बिअर मिसळल्या होत्या, म्हणजे त्यांची सरासरी काढली होती. पिंपात दोन डबे ओतले तेव्हा बेरीज केली. पाणी दुप्पट केलं असतं आणि दोन्ही घाण्यांची साखरही घातली असती, तर तीच ग्लासातली बिअर मिळाली असती. पण सेहेचाळीस लिटरचं पिंप कुणाकडे असतं? डब्यात हॉप्सचा कडूपणा आधीच भरलेला आहे आणि पाणी तेवढंच आहे, मग तो जाणार कुठे? कडूपणा मोजायचं एकक आयबीयू. माझ्या हिशोबाने एकट्या लागरचा तिशीच्या अलीकडे होता, एकट्या डार्क एलचा चाळिशीच्या पुढे, दोघांचा मिळून सत्तरी. दुकानातली नेहमीची लागर विशीच्या आसपास असते. आमचं तिसऱ्या घाण्याचं पेय म्हणजे मीठ न लावता केलेली कारल्याची भाजी झाली होती.

बरं, दोन डबे म्हणजे चढेल तरी दुप्पट, अशी नवऱ्याची आशा. तीही फोल. सुरुवातीचं गुरुत्व आलं १.०४५, शेवटचं १.०१४. वजाबाकी करा: पहिल्या घाण्यात तीस, इथे एकतीस. अल्कोहोल जवळपास तेवढंच! कारण एक किलो डेक्स्ट्रोज यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, पण माल्टच्या अर्कात पाचव्या हिश्श्याएवढं पाणीच असतं आणि उरलेल्यातलाही बराच भाग यीस्टला पचत नाही. तो न पचलेला भाग म्हणजेच अंग, दाटपणा. दुसऱ्या डब्याने साखरेची जागा घेतली आणि पातळपणा गेला, एवढं खरं. पण सोबत दुसऱ्या डब्याचा कडूपणा आला. "दोन डबे म्हणजे स्ट्राँग" असं जो कुणी सांगेल, त्याला विचारा की साखर किती घातली होती.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. थंडीत आमच्या घरात रात्री चौदा अंश होतात आणि या यीस्टला अठरा ते एकवीस लागतात, म्हणून पहिल्या दोन घाण्यांत मी पिंपाला आईने पाठवलेली गोधडी गुंडाळली होती. छान चाललं होतं. तिसऱ्यालाही गुंडाळली. पण अर्क दाट, यीस्ट दुप्पट, आणि यीस्ट काम करताना स्वतःही तापतं, हे डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कपडे धुण्याच्या खोलीतून फस्स-फस्स असा आवाज आला. गेले तर झाकणाच्या कडेने तपकिरी फेस उतू जात होता, दुधासारखा नव्हे, चिकट, मळीसारखा, आणि गोधडी वरच्या दोन पट्ट्यांपर्यंत भिजलेली. पिंपावरची तापमानाची पट्टी सव्वीस दाखवत होती. मी गोधडी ओढून काढली, थंड फरशीवर पिंप सरकवलं आणि तिथेच बसून राहिले. आठवडाभर त्या खोलीत पिकलेल्या केळ्यांचा वास येत होता. बिअरमध्येही तोच थोडा उतरला. यीस्ट तापलं की असले फळांचे वास सोडतं.

शेजारचे आजोबा ही सगळी हकीकत ऐकून कुंपणाला धरून हसले. ते तरुणपणापासून घरी करतात. "अगं, याला इथे टूकॅन म्हणतात," ते म्हणाले. दोन डबे म्हणून टू कॅन, आणि तो मोठ्या चोचीचा पक्षीही. टूकॅन करणारे बरेचसे स्टाउटसाठी (काळी, दाट बिअर) करतात, तेही मुद्दाम, कडू आणि जड हवी म्हणून, आणि मग महिनोन् महिने ठेवून देतात. "लागरवाल्याने टूकॅन केला तर तो एक तर नवखा किंवा हट्टी." मी दोन्ही आहे हे त्यांनी सभ्यपणे बोलून दाखवलं नाही.

त्यांनीच चौथ्या घाण्याची युक्ती दिली आणि माझ्या मते नवख्या माणसासाठी खरं उत्तर तेच आहे. दुसरा डबा घालायचाच, पण बिनहॉप्सचा. साध्या माल्ट अर्काचे दीड किलोचे डबे वेगळे मिळतात. त्यांत कडूपणा नसतो. ऑक्टोबरमध्ये एक लागरचा डबा आणि एक असा हलक्या रंगाचा साधा अर्क, साखर नाही. गुरुत्व १.०४२ वरून १.०१२. ही पहिली बिअर जी मी कुणाला न विचारता, न सांगता समोर ठेवली आणि पाहुण्याने दुसरी मागितली. फेस ग्लासाच्या कडेला चिकटून खाली उतरतो, कडूपणा मूळ डब्याचा तेवढाच, पण मागे पोळीसारखी धान्याची गोडी. पातळ वरण संपलं. पैसे मात्र डेक्स्ट्रोजपेक्षा बरेच जास्त लागतात, ते धरून चाला. खर्च आवरायचा असेल तर डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन (अंग आणणारी, यीस्टला न पचणारी पूड) आणि सुकी माल्ट पूड यांचं तयार मिश्रण मिळतं. ते मधला रस्ता आहे. मी अजून वापरलेलं नाही.

मग दोन हॉप्सवाले डबे कधीच एकत्र करू नयेत का? मी पुन्हा करेन, पण तीन गोष्टी सांभाळून. दोन्ही डबे काळे, कारण भाजलेल्या धान्यापुढे कडूपणा निदान एकटा पडत नाही. पिंपाला गोधडी नाही, आणि तेवीसऐवजी वीस लिटर भरून फेसाला जागा ठेवणं हा मोह टाळायचा. पाणी कमी केलं की कडूपणा आणखी चढतो, त्यापेक्षा झाकणाला नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं, म्हणजे फेस तिकडे जाईल. आणि दोन्ही पुड्या यीस्ट नक्की घालायच्या, एक वाचवायची नाही. पण पहिला घाणा म्हणून? नाही. दोन डबे एकदम बिघडले तर काय बिघडलं तेच कळत नाही. मला तिसऱ्यात कडूपणा कुठला आणि केळं कुठलं हे वेगळं करता आलं, ते पहिले दोन घाणे वेगवेगळे प्यायले होते म्हणूनच.

सामानाबद्दल थोडं. हायड्रोमीटर ही सगळ्यांत उपयोगी वस्तू, तीच सगळ्यांत आधी फुटते. माझं बेसिनमध्ये फुटलं. पिंपाची तोटी गळायला लागली म्हणून जवळच्या दुकानातून नवी आणली, ती पहिल्या दिवसापासून ठिबकत होती आणि दुकानदार म्हणाला "जरा जोरात पिळा". शेवटी प्लंबिंगची पांढरी टेप गुंडाळली. प्लॅस्टिकच्या बाटल्या मात्र काचेपेक्षा मला आवडल्या. ७४० मिलीच्या बाटलीत खडीसाखरेसारख्या दोन गोळ्या टाकायच्या, झाकण घट्ट करायचं, आणि मग रोज येता-जाता बाटली दाबून बघायची. पहिल्या दिवशी दबते, चार-पाच दिवसांनी अर्धवट, आणि एक दिवस अंगठा लावला की दगड. गॅस भरला हे डोळ्यांनी न बघता कळतं. गुरुत्व स्थिर व्हायच्या आत काचेत भरलं तर बाटली फुटू शकते, त्यामुळे नवख्याने काचेच्या वाटेला जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत उलटा त्रास: खोली तीसच्या वर जाते, मग पिंप टबात, अंगावर ओला टॉवेल आणि पाण्यात गोठवलेल्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलत. तेवढा उरक नसेल तर उन्हाळ्यात सरळ सुट्टी घ्या.

तिसऱ्या घाण्याच्या अकरा बाटल्या उरल्यात. ओतून द्यायच्या होत्या, आजोबांनी अडवलं. गेल्या रविवारी पाच महिन्यांची एक उघडली. केळं जवळजवळ गेलंय. कडूपणा आहेच, पण आता तो जिभेवर ओरबाडत नाही, घशात उतरल्यावर आठवतो. नवऱ्याने अर्धा ग्लास न बोलता संपवला. पाच बाटल्या आजोबांना दिल्या, सहा जिन्याखाली ठेवल्यात, झाकणांवर "जून महिन्यात उघडायची" असं लिहून. गोधडी तीनदा धुतली. आईला व्हिडिओ कॉलवर डाग दिसला तेव्हा मी काकवी सांडली म्हणाले.