जुनी होंडा सिटी व्हीटेक: बेळगावच्या रस्त्यांवर नऊ महिने वापरल्यानंतर

होंडाची पहिली सिटी भारतात १९९८ मध्ये आली आणि २००३ मध्ये बंद झाली. तिच्या शेवटच्या काही वर्षांत निघालेल्या १.५ व्हीटेकबद्दल (इंजिनाच्या वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची रचना) हा अनुभव आहे. नंतर आलेल्या गोल, उंच सिटीचा, म्हणजे आय-डीएसआय किंवा झेडएक्सचा, यात संबंध नाही. जुनी व्हीटेक दिसायला चौकोनी, बसकी सेदान. तिचं १४९३ सीसीचं इंजिन १०६ अश्वशक्ती देतं आणि गाडीचं वजन टनाच्या आसपास आहे. कमी पैशांत खरी पळणारी जुनी गाडी हवी असेल तर ती आजही पहिल्या पसंतीची वाटते, पण एका अटीवर. गाडीच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा, आणि त्यातला एकही रुपया पहिल्या सहा महिन्यांत रंगावर, अलॉयवर किंवा म्युझिकवर घालू नका.

बघायला जाताना गाडी थंड असतानाच जा. मालकानं आधीच चालू करून गरम केली असेल तर चहा घ्या, तासभर थांबा. थंड गाडी चालू केल्यावर आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) थोडं वर जाऊन हळूहळू ७५० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास स्थिर झालं पाहिजे. काटा वर-खाली नाचत असेल तर किंमत उतरवायला जागा आहे, कारण बहुतेक वेळा दोष स्वस्त असतो: कूलंटमध्ये अडकलेली हवा किंवा काजळीनं भरलेला आयडल व्हॉल्व्ह. डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. आमच्याकडे मिरगापासून चार महिने पाणी असतं. टेललाईटचं गॅस्केट गेलं की ते पाणी थेट तिथं साचतं आणि पत्रा खालून खाल्ला जातो. मागच्या चाकांच्या कमानी आणि दाराखालच्या पट्ट्या बोटानं दाबून बघा. खानापूर, जांबोटीकडं राहिलेल्या गाड्या निपाणी, चिक्कोडीकडच्या गाड्यांपेक्षा जास्त गंजलेल्या निघतात. इंजिनाचं काम होतं, पण कुजलेल्या पत्र्याचं नीट काम करणारा माणूस सापडणं अवघड आहे.

सीमाभागात कागदांचा प्रश्न वेगळा पडतो. कोल्हापूर, चंदगडकडची एमएच-०९ पासिंगची गाडी स्वस्त मिळते. पण बेळगावात राहून ती बारा महिन्यांपेक्षा जास्त वापरायची असेल तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे तिकडचं ना-हरकत पत्र (एनओसी), इकडचा टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या. या सगळ्याचा हिशेब केला तर केए-२२ किंवा केए-२३ पासिंगची थोडी महाग गाडी शेवटी स्वस्त पडते. पंधरा वर्षं झालेली असल्यानं आरसीचं, म्हणजे नोंदणीचं, नूतनीकरण कधी झालंय ते आधी बघा. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झालं आहे, म्हणून मुदत संपत आलेली गाडी असेल तर ते पैसे सौद्यातच धरा.

आता दुरुस्ती. गाडी घरी आली की सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा पट्टा) बदला, आधीचा मालक काहीही सांगो. हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्हचा भाग) उतरवावं लागतं. पाण्याचा पंप याच बेल्टवर चालतो. त्यामुळे बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), पंप, कॅमचं ऑइल सील आणि क्रँकचं पुढचं सील एकाच वेळी बदला, नाहीतर दोनशे रुपयांच्या सीलसाठी तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

या कामात फिटर मंडळी दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक फिरण्याच्या दिशेची. होंडाचं हे इंजिन पुलीच्या बाजूनं बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, बाकीच्या बहुतेक गाड्यांच्या अगदी विरुद्ध. सवयीनं उजवीकडं फिरवलं की बेल्ट ढिला पडून दात सुटू शकतो. शिवाय क्रँक पुलीचा बोल्ट प्रचंड घट्ट असतो. इतर गाड्यांत बोल्टला पाना अडकवून स्टार्टरचा झटका देतात, पण इथं तसं केलं तर बोल्ट आणखी आवळला जातो. पुलीच्या मधल्या षट्कोनी खाचेत बसणारा होल्डर लागतो. बाजारात मिळाला नाही तर उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवर माप देऊन करून घ्या, एकदाचाच खर्च आहे. दुसरी चूक ताणाची. टेन्शनरचा बोल्ट ढिला करून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेनं कॅम पुलीचे तीन दात सरकेपर्यंत फिरवायचा आणि मग टेन्शनर आवळायचा. हातानं बेल्ट दाबून अंदाजानं ताण ठेवणाऱ्याकडं हे काम देऊ नका.

यानंतर कूलिंग. रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग काळ्याचा तपकिरी झाला असेल तर ती कधीही तडकते. थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि वरचा-खालचा होस (रबरी नळी) नवे घाला. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, पाण्याच्या आउटलेटजवळचा हवा काढायचा छोटा बोल्ट सैल करा, बुडबुडे बंद होऊन सलग धार आली की आवळा. आयडलिंग नाचणाऱ्या कितीतरी गाड्यांना एवढंच पुरतं, कारण आयडलचा गरम-थंड हिशेब कूलंटच्या गरमीवरच चालतो. पंखा लागत नसेल तर थेट मोटर बदलू नका. पंख्याच्या स्विचचा प्लग काढून दोन तारा जोडा. पंखा फिरला तर स्विच गेलाय, नाही फिरला तर फ्यूज आणि रिले बघा.

एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी दुपारी चालू होत नाही, स्टार्टर मात्र जोरात फिरतो, आणि संध्याकाळी गार झाली की पहिल्या सेल्फला चालू होते. या तक्रारीवर गाडीतला पेट्रोलचा पंप बदलला गेलाय, प्लग बदलले गेलेत, कार्बन साफ झालाय, आणि दोष तसाच राहिलाय. दोष डॅशबोर्डखालच्या मेन रिलेत (पंपाला वीज देणारा स्विच) असतो. आतल्या पट्टीवरचे सोल्डर बारीक गोल चिरलेले असतात, उन्हानं पट्टी फुगली की संपर्क तुटतो. ओळखायची खूण सोपी आहे. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंद गूं ऐकू यायला हवी. ती नसेल तर रिले काढा, झाकण उघडा, मोठ्या पायांचं जुनं सोल्डर शोषून घ्या आणि नवं भरा. टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही अर्ध्या तासात करतो.

इग्निशनचं सगळं सामान डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) आत आहे: कॉइल, इग्नायटर, सेन्सर. गाडी मिसिंग मारत असेल तर कॅप आणि रोटर आधी बदला. डिस्ट्रिब्युटर जिथं हेडला बसतो तिथली ओ-रिंग कडक होऊन तेल गळतं, तीही त्याच वेळी घाला. गंजलेल्या बेअरिंगचा घरघर आवाज येत असेल तर मात्र अख्खा युनिट बघावा लागतो. इथं स्वस्त नकली माल घेण्यात अर्थ नाही. चालू गाडीतून काढलेला मूळचा, तपासून घेतलेला डिस्ट्रिब्युटर बरा. बेळगावात ऑटोनगरला चौकशी करा, नाही मिळाला तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून मागवा.

आता ज्यासाठी ही गाडी घ्यायची ती गोष्ट, म्हणजे व्हीटेक. साडेचार-पाच हजार आरपीएमच्या दरम्यान इंजिनाचा सूर बदलतो आणि गाडी दुसऱ्यांदा उचलते. हे होत नसेल तर लोक इंजिन म्हातारं झालं म्हणून सोडून देतात. खरं कारण बहुधा ऑइलमध्ये असतं. कमी वेगात इनटेकचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) आपापल्या छोट्या कॅमवर चालतात. वरच्या वेगात सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडतो, ऑइलच्या दाबानं रॉकरमधल्या बारीक पिना सरकतात आणि तिन्ही रॉकर एकत्र बांधले जाऊन मधल्या मोठ्या कॅमवर चालायला लागतात. म्हणजे ऑइल कमी, जाड किंवा घाण असेल तर पिना सरकणार नाहीत. म्हणून तपासणी या क्रमानं करा. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवं. फिल्टरसह साधारण ३.३ लिटर १०डब्ल्यू-३० लागतं. जुनी गाडी म्हणून २०डब्ल्यू-५० घालायचा सल्ला इथं ऐकू नका. मग हेडच्या बाजूचा सोलेनॉइड तीन बोल्ट काढून उतरवा. त्याच्या गॅस्केटमध्ये बारीक जाळी असते, ती बहुतेक वेळा चिखलानं बुजलेली निघते. नवं गॅस्केटच घाला, कारण जुनं परत बसवलं की तिथूनच तेल गळतं. सोलेनॉइडचा रोध मल्टिमीटरवर १४ ते ३० ओहम यायला हवा.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लागत नाही. डॅशखालच्या दोन पिनांच्या सर्व्हिस कनेक्टरला तारेचा तुकडा लावून चावी ऑन करा आणि दिव्याची उघडझाप मोजा. लांब लुकलुक दहाची, छोटी एकची. २१ म्हणजे व्हीटेकचा सोलेनॉइड, २२ म्हणजे त्याचा प्रेशर स्विच, १४ आयडल व्हॉल्व्ह, ७ थ्रॉटलचा सेन्सर, ६ कूलंटच्या तापमानाचा. दुरुस्ती झाली की ईसीयूचा (इंजिनाचा कॉम्प्युटर) फ्यूज थोडा वेळ काढून ठेवा म्हणजे जुना कोड पुसला जातो.

टॅपेटची (व्हॉल्व्हच्या फटीची) सेटिंग दर ४० हजार किलोमीटरनी तरी करून घ्या, आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं असतानाच. इनटेक ०.१८ ते ०.२२ मिमी, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. एक नंबरचा सिलिंडर टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून सुरुवात, मग क्रँक घड्याळाच्या उलट दिशेनं १८० अंश फिरवत तीन, चार, दोन असा क्रम. थोडा टकटक आवाज राहिला तरी चालेल. घट्ट ठेवलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवाज करत नाही, पण जळतो, आणि ते महागात पडतं.

गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरला थंड असताना खरखर येते. होंडाचं स्वतःचं गिअर ऑइल १.८ लिटर घातल्यावर ती बरीच कमी झाली. ९० नंबरचं जाड ऑइल घातलेली गाडी असेल तर ते काढूनच टाका. पॉवर स्टिअरिंगलाही होंडाचंच ऑइल घाला. पंपाच्या नळीची ओ-रिंग बदलली की गळती थांबते.

पेट्रोलचा मुद्दा इथं टाळून चालत नाही. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना इथेनॉल कुठून येतं हे माहीतच आहे, आता ते पंपावर २० टक्के आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या मानानं मायलेज हिशेबानं सहा-सात टक्के घटणारच. त्याहून गंभीर म्हणजे वीस वर्षांहून जुने रबरी होस. टाकीजवळचे आणि इंजिनजवळचे सगळे होस बदलले. इंजेक्शनच्या दाबाला टिकणारा होस मागा. कार्बोरेटरच्या गाडीचा साधा पाईप तीन बारच्या दाबाला फुटतो, आणि तो फुटतो तिथं शेजारीच गरम एक्झॉस्ट असू शकतो. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. अर्ध्या टाकीतल्या ओलाव्याचं पाणी खाली बसतं. हायवेला १३-१४, गावात १० च्या आसपास मायलेज मिळतंय, घाटात जोरात चालवली तर त्याहून कमी.

रस्त्यावर गाडी कशी आहे? टिळकवाडीपासून कॅम्पपर्यंत चालवण्यात काही विशेष नाही. तीन हजारांखाली ती सपक वाटते आणि गतिरोधकांवर पोट घासतं. गावागावातल्या उंच गतिरोधकांवर तिरकी घ्या, चार माणसं बसली असतील तर दोघांना उतरवा. मागचे नवे शॉकअब्सॉर्बर आणि १८५/६० आर१४ टायर घातल्यावर फरक पडला, पण बसकेपणा बसकेपणाच. उंची वाढवायला स्प्रिंगमध्ये रबर घालू नका, वळणात गाडी विचित्र उडते.

जांबोटी ओलांडून कणकुंबीकडं लागलं की मात्र पैसे वसूल होतात. चोर्ला घाटाची वळणं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची आहेत, अगदी या इंजिनाला हवी तशी. तिसऱ्यात साडेचार हजारांवर ठेवून वळणातून बाहेर पडा, पुढच्या सरळ पट्ट्यात सूर बदलताना ऐकू येतो. स्टिअरिंग हलकं पण खरं बोलतं, पुढची चाकं काय करतायत ते हाताला कळतं. वंटमुरी घाटातून संकेश्वरकडं पाचव्यात निवांत जाते, तिथं वारा आणि टायरचा आवाज आत बराच येतो. ब्रेक हा कमजोर भाग आहे. चोर्ला उतरताना गिअरवर धरा, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून ग्रीस करा. पिन अडकली की गाडी एका बाजूला ओढते आणि एकच पॅड झिजतं.

कारखाने सुरू झाल्यापासून मार्चपर्यंत रात्री जपून. ऊसाच्या डबल ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो आणि या गाडीचे मूळ हेडलाईट पिवळसर, धुरकट झालेले असतात. काच घासून पॉलिश केली, रिले लावून जाड वायर टाकली, तर बल्ब न बदलताही उजेड बराच वाढतो. पावसात चोर्ल्याला जाणार असाल तर डिकीत एक मेन रिले, दोन-चार फ्यूज, अल्टरनेटरचा बेल्ट, कूलंटची बाटली आणि १० ते १९ चे पाने असू द्या. कणकुंबीच्या पुढं फोन लागेल याचा भरवसा नाही. चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटरनं आवळा. पंक्चरवाल्याच्या एअरगननं आवळलेले नट घाटात पावसात हातानं सुटत नाहीत.