बीड बायपासवरची खानावळ, फौजींचा मान ठेवणारी

26 जुलैला, कारगिल विजय दिवसाला मामा-मामींना घेऊन गेलतो, मामा रिटायर्ड सुभेदार, मराठा लाईट इन्फंट्री. बोर्डवर माजी सैनिक, वीरमाता, वीरपत्नींना जेवण फ्री लिहिलेलं, पण असं लिहून आयत्या वेळी अटी सांगत बसणारे लई बघितलेत, इथं मालकानं कार्डसुद्धा मागितलं नाही, "काका, कुठली रेजिमेंट?" विचारत स्वतः वाढायला आला. येसराची आमटी एक नंबर, ज्वारीची भाकरी तव्यावरची गरम, ठेचा मात्र डोळ्यातून पाणी काढतो. मामींचेही पैसे घेतले नाहीत हे जास्त आवडलं, मामा बॉर्डरवर असताना शेती, लेकरं सगळं त्यांनीच बघितलं ना. फक्त ते सत्काराचे फोटो आवरा राव, लोकं सेल्फी काढायलेत अन् म्हाताऱ्याची भाकरी गार व्हायली. पार्किंग बेकार. चार स्टार.