बिन-इथेनॉलच्या नावाखाली रॉकेल विकलं

होडीवाल्यांनो, बंदरावर पिकअप घेऊन "बिन-इथेनॉलचं, ऑइल घातलेलं पेट्रोल" विकणारा आला तर त्याला उभाही करू नका. माझे ९,४४० रुपये गेले आणि इंजिनही गेलं.

मी नवखा नाही. बावीस वर्षं सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या तोंडाशी जाळं मारतोय. होडीला मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन आहे, टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. पण यंदा १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत टाकीत पंपाचं पेट्रोल तसंच राहिलं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला, दोरी ओढून हात सोलले, इंजिन ढिम्म. कार्बोरेटर साफ करायला २,३०० रुपये मोजले. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल. अशा वेळी बिन-इथेनॉलचं मिळतंय म्हटल्यावर कोण घेणार नाही?

चतुर्थीच्या आठ दिवस आधी तो आला. "काकानू, ऑइलय घातलेला आसा. तुमी फक्त टाकीत ओता." बोलणं आपल्यातलंच. भाव ११८ रुपये लिटर, पंपापेक्षा बारा-तेरा रुपये जास्त. स्वस्त सांगितलं असतं तर मी तिथेच हाकलला असता. महाग होतं म्हणून खरं वाटलं. वीस लिटरचे चार कॅन घेतले, चतुर्थीच्या सामानासाठी बायकोने बाजूला ठेवलेल्या पैशांतून.

आणि तिथेच मला कळायला हवं होतं. कॅन ओतताना थोडं जेटीच्या सिमेंटवर सांडलं. पेट्रोल बघता बघता उडून जातं. मी चहा पिऊन आलो तरी तो डाग ओलाच. वासही चुलीजवळच्या बाटलीचा. रंग निळसर. मी विचारलं, तर म्हणाला ऑइलचा रंग. आउटबोर्डचं ऑइल निळं-हिरवं असतं हे खरंच, म्हणून मी गप्प बसलो. रेशनचं रॉकेलही निळंच असतं, हे लहानपणापासून रांगेत उभं राहिलेल्या मला त्या क्षणी आठवू नये? तो डाग अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तिसऱ्या दिवशी तोंडाबाहेर जाताच इंजिन खडखडलं, पांढरा धूर आला आणि जाम झालं. ओहोटी बाहेर ओढत होती. शेजारच्या होडीने दोर टाकला म्हणून परत आलो. पिस्टन, रिंगा, बोअर, मजुरी मिळून १६,८५० रुपये, आणि अकरा दिवस धंदा बंद. मेकॅनिक म्हणाला, ऑइल नावापुरतंच होतं. रॉकेलवर चालणारी आउटबोर्ड वेगळी असतात, त्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी ठेवलेलं असतं आणि तीही पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घेतात. आपलं टू-स्ट्रोक पेट्रोलचं.

उरलेल्यातलं काचेच्या बाटलीत घेतलं, त्यात दोन बोटं पाणी घालून हलवलं. पाण्याचा थर तीन बोटं झाला. म्हणजे इथेनॉलही होतंच! कोणी बिन-इथेनॉलचं म्हणून विकत असेल तर ही तपासणी घेण्याआधी करा, माझ्यासारखी नंतर नको. ऑइल न घातलेल्या पेट्रोलचा थेंब कागदावर टाका, वाळून डाग राहिला तर घेऊ नका.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, पुरवठा विभागात जा. तिथे म्हणाले, पावती कुठे? परवानाधारक पंप असता तर बघितलं असतं. अहो, परवाना नाही हीच तर तक्रार आहे! वजनमापवाले म्हणाले, माप बरोबर असेल तर आमचा विषय नाही. मत्स्य खात्यात डिझेलच्या परताव्याचं बोलतात, पेट्रोलवाल्या छोट्या होडीला कोणी विचारत नाही. पुन्हा पोलिसांकडे गेलो तर साहेब मलाच म्हणाले, तीस लिटरच्या वर पेट्रोल घरात ठेवलंत, गुन्हा तुमच्यावरही होईल. चार खेपांचे ६४० रुपये एसटीला गेले. गाडीचा नंबर मी घेतला नव्हता, ही चूक माझी. तुम्ही आधी नंबराचा फोटो काढा.

ऑइल स्वतःच मिसळा, जुन्या इंजिनाच्या पुस्तकात वेगळं नसेल तर लिटरला २० मिली, डब्यावर टीसी-डब्ल्यू-थ्री (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या ऑइलची खूण) लिहिलेलंच. स्कूटरचं नको. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात घालायचं नाही. पेट्रोल पंपाचंच, आठवड्यापुरतं घ्या. बंदीआधी टाकी रिकामी करा, नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, पण पाण्यात ठेवून, कोरडं नको.

त्या पेट्रोलची एक बाटली बूच लावून, तारीख लिहून पडवीत ठेवली आहे. तपासायला नेणारा एकही अधिकारी अजून आलेला नाही.