बलून की पंप? सोलापूरच्या आयसीयूतून

हृदय पुरेसं रक्त ढकलू शकेना की पेशंट शॉकमध्ये जातो. तेव्हा जांघेतल्या धमनीतून दोनपैकी एक आधार आत सरकवता येतो: अ‍ॅऑर्टा या मुख्य धमनीत ठोक्यागणिक फुगणारा-मिटणारा बलून, किंवा थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात बसणारा छोटा पंप. ताज्या अटॅकमधला शॉक आधी बाजूला ठेवतो. तिथे 2024 च्या डॅन्जर-शॉक चाचणीने छोट्या पंपाला कौल दिलाय: 180 दिवसांतले मृत्यू नेहमीच्या उपचारांत 58.5 टक्के, पंपवाल्यांत 45.8. बलूनला 2012 मध्येच 600 पेशंटच्या चाचणीत फायदा दाखवता आला नव्हता. पण आपल्याकडे बऱ्याचदा दुसराच पेशंट येतो: वर्षानुवर्षं पसरत गेलेलं हृदय, सुजलेले पाय, हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन चालू असूनही लघवी आटलेली. त्या दोन्ही चाचण्या त्याच्यासाठी नव्हत्या.

ताकदीत पंप पुढे, वाद नाही. तो मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त ढकलतो. बलूनची भर अर्धा-एक लिटरची. म्हणून आधी मीही पंपाच्याच बाजूचा होतो.

मला नडली ती त्याची जागा. पेशंटला कुशीवर वळवलं, चादर बदलली, की नळी थोडी सरकते आणि अलार्म. मग इकोशिवाय (हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय) गत्यंतर नाही, आणि आमच्याकडे रात्री दोनला इकोवाला म्हणजे होटगी रोडवरून गाडी काढून येणारा मीच. एका रात्री तीनदा आलो. तिसऱ्यांदा सिस्टर काही बोलल्या नाहीत, युरिनची पिशवी तेवढी उचलून दाखवली. आत डाळिंबाच्या रसाचा रंग. रक्तपेशी फुटत होत्या.

बलूनचेही नखरे आहेत. एएफमध्ये, म्हणजे ठोके अनियमित असताना, नाडी 130 ला गेली की टायमिंग बोंबलतं, अ‍ॅऑर्टिक व्हॉल्व्ह जास्त लीक असेल तर विषयच संपला, आणि तो फुगवणाऱ्या हेलियमचं सिलिंडर शनिवारीच बघून ठेवावं लागतं. पण नळी 7-8 फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप). मधुमेह्याच्या बारीक धमनीत पंपाची 14 फ्रेंच घालताना माझा हात आजही अडखळतो. पाय मात्र दोन्हींत तासातासाला चाचपायचाच.

एक्मोचं, म्हणजे हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेर करणाऱ्या मशीनचं, इथे काढत नाही. तेवढी माणसं माझ्याकडे नाहीत.

पुरावा माझ्या बाजूने आहे असा आव आणत नाही. 2025 च्या अल्टशॉक-2 मध्ये हार्ट फेल्युअरच्याच पेशंटना लवकर बलून लावूनही 60 दिवसांच्या हिशेबात फरक दिसला नाही. तुमच्याकडे रात्रीची टीम पक्की असेल, तर कदाचित पंपच बरा. मी मात्र आधी बलून टाकतो. दोन-तीन तासांत लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारं आम्ल) उतरायला लागलं नाही, तर पेशंट हलवायला पुण्याला फोन. रस्ता अडीचशे किलोमीटरचा, आणि टेंभुर्णी येईपर्यंत माझा हात पेशंटच्या जांघेवरच्या पट्टीवरून हलत नाही.