बॉलिंग बॉल घासण्याचा ‘संपूर्ण सेट’ आणि १०,९८० रुपयांचा गंडा

जळगावात बॉलिंग बॉलचा (घरंगळत सोडून पिना पाडण्याच्या खेळातल्या जड गोळ्याचा) पृष्ठभाग घासून देणारे मला तरी कोणी सापडले नाही, आणि सात किलोंच्या आसपास वजनाचा गोळा घेऊन दर वेळी पुण्याला जाणे नोकरदार माणसाला परवडत नाही. म्हणून सँडर, म्हणजे घासण्याचे यंत्र, विकत घेऊन हे काम घरीच करावे असे ठरवले, यात वावगे काही होते असे मला आजही वाटत नाही.

समाजमाध्यमावरील एका जाहिरातीत रँडम ऑर्बिटल सँडर आणि ५०० ते ४००० ग्रिटचे (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा) फोमचे सहा पॅड असा सेट ८,४५० रुपयांना होता. २,००० आगाऊ, ६,४५० माल निघताना आणि वर ‘परत मिळणारे’ वाहतूक शुल्क १,१८०. हा क्रम वाचणाऱ्यांना नवा नसेल.

मला जाळते ती गोष्ट वेगळीच आहे. पहिले पैसे पाठवण्याआधी मी विक्रेत्याला फोनवर विचारले होते की कोणता पॅड आधी लावायचा. तो म्हणाला, “सर, आधी ४००० मारा, मग उतरत उतरत ५०० वर या, एकदम काचेसारखा होतो.” ज्याने घरच्या दाराला एकदा पॉलिश पेपर मारला आहे त्यालाही कळते की आकडा जितका लहान तितका कागद खरखरीत, आणि काम खरखरीत कागदापासून मऊ कागदाकडे जाते. मलाही ते कळत होते. पण समोरचा इतक्या सफाईने बोलत होता, ग्रिट, वेल्क्रो, १५० मिलिमीटर असे शब्द इतके सहज टाकत होता, की तोंडून उलटे निघाले असेल असे समजून मी पुढे गेलो. फोन तिथेच ठेवायला हवा होता.

खोक्यातून निघाले ते साधे पॉलिशर. रँडम ऑर्बिटल सँडरचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता किंचित घिरट्याही घालतो, त्यामुळे त्याच त्या रेषेवर ओरखडे पडत नाहीत; हे यंत्र नुसते जागच्या जागी गरगरत होते. पहिल्या पॅडने १८,५०० रुपयांच्या बॉलवर नखाला लागतील अशी गोल वळी उमटवली. दुसरा पॅड पाण्यात भिजवला, तर ‘१०००’चा निळा शिक्का अंगठ्यावर उतरला. मग सहाही पॅड बोटाने चाचपले; सगळे एकाच खरखरीतपणाचे.

‘बदलून देतो’ म्हणून त्याने आणखी १,३५० घेतले, आणि ते मी दिले, कारण न द्यावे तर आधीचे ९,६३० बुडणार होते. त्यानंतर त्याचा क्रमांक बंद झाला.

पोलीस ठाण्यात ऐकायला मिळाले, “अहो, माल तर मिळाला ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?” बॉल क्रिकेटचा नाही हे समजावण्यातच माझा अर्धा अर्ज खर्ची पडला. बँकेत सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. ग्राहक तक्रारीसाठी विक्रेत्याचा पत्ता हवा, पत्ता शोधण्यासाठी पोलीस हवेत आणि पोलिसांच्या मते हे प्रकरण ग्राहक तक्रारीचे. या फेऱ्यात माणसाला फिरवत ठेवणारे प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबरच असतात, आणि पगारही वेळेवर घेतात.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उद्यावर टाकू नका, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधीच ती गोठवता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हे मला कोणत्याही खिडकीवर सांगितले गेले नाही. सँडर दुकानातूनच घ्या, पक्के बिल घ्या, वेग कमी-जास्त करण्याची सोय आहे का पाहा आणि अँगल ग्राइंडर तर बॉलजवळही आणू नका. खरे तर एक-दोन बॉलसाठी यंत्राची गरजच नाही: पीव्हीसी पाइपाच्या कापलेल्या रुंद कड्यावर बॉल ठेवून ओला पॅड हातानेच चारही बाजूंनी सारख्या दाबाने फिरवला तरी काम होते. पॅड घेताना मात्र ५०० आणि ४००० शेजारी ठेवून बोट फिरवा, आणि दुकानदाराला राग आला तरी शिक्क्यावर ओला अंगठा घासून पाहा.