जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: दुकानातले सात महिने

गिरगावात माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. तीन पीसी, तिन्ही २०१४ चे, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीन भंगारात द्यायला मन होईना. भाच्याने एका पीसीत एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून लिनक्स मिंट २२ बसवून दिलं; ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ओएस. खर्च फक्त एसएसडीचा, आणि अपडेट २०२९ पर्यंत मिळणार.

मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये आयताच होता, त्यामुळे बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही. त्रास झाला तो फॉन्टचा. गिऱ्हाईक विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये केलेली वर्डची फाइल आणतं, इथे तो फॉन्ट नाही, आणि चार पानांचा भाडेकरार पाच पानांवर जातो. आता मी आधीच पीडीएफ मागते.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात अपडेट चालू असताना लाइट गेली. परत आल्यावर स्क्रीन काळी, कोपऱ्यात नुसता कर्सर लुकलुकतोय. समोर एक गृहस्थ उभे, त्यांचं प्रतिज्ञापत्र याच पीसीत. "ताई, अकराच्या आत किल्ला कोर्टात पोचायचंय हो." मिंटच्या पेन ड्राइव्हवरून पीसी चालू केला, टाइमशिफ्ट हे सिस्टिम मागे नेणारं टूल उघडलं, आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट (सिस्टिमची जपलेली प्रत) निवडला. त्यात सिस्टिम तेवढी मागे जाते, कामाच्या फाइली जिथल्या तिथे राहतात. पंचवीस मिनिटांत प्रिंट त्यांच्या हातात होती. मला ओएसकडून एवढंच हवं असतं: शटर उघडल्यावर चालू व्हावं, आणि बंद पडलं तर माणूस बोलवायला न लागता मला उभं करता यावं.

फुकट म्हणतात, पण माझे दोन रविवार एका जुन्या लेझर प्रिंटरच्या ड्रायव्हरपायी गेले. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नाही, म्हणून दुसरा पीसी नेट काढून तसाच ठेवलाय. लॅमिंग्टन रोडवर कुणी जुने पीसी मिंट टाकून, प्रिंटर जोडून, एक मराठी प्रिंट काढून दाखवून विकले, तर त्या सेवेचे पैसे मी आनंदाने देईन. माझ्यासारख्या दुकानांना स्वस्त ओएसपेक्षा त्याचीच जास्त गरज आहे.

तिसऱ्या पीसीचा एसएसडी मागवलाय. मंडळांच्या पावती पुस्तकांचं काम सुरू व्हायच्या आत बसवून घेणार.